मथूचे अकरा शिंपले

समुद्राच्या काठाला, सुरूच्या हिरव्यागार बनाआड, झावळ्यांचं एक इवलंसं खोपटं होतं. त्यात मथू राहायची. आठ वर्षांची, काटकुळी, मोठ्या मोठ्या डोळ्यांची. आई तिला आठवतही नव्हती. बाबा दुसऱ्याच्या होडीवर कामाला जायचा, तो आठ आठ दिवस परतायचा नाही. थंडीत पांघरायला एकच शाल होती, आईची, आणि तीही दोन ठिकाणी विरलेली. शेजारची काशीआत्या दोन वेळची भाकरी द्यायची, पण दिवसभर ती बाजारात मासळी विकायला बसे. मग मथूशी बोलणार कोण? वारा, नाहीतर लाटा.

जाताना बाबा म्हणाला होता, "मथे, रोज काय काय दिसलं ते ध्यानात ठेव. आलो की मला सगळं सांगायचं हं!"

म्हणून मथू रोज एक शिंपला कोनाड्यात ठेवायची. गुलाबी शिंपला म्हणजे पाण्याबाहेर उड्या मारणारे तीन डॉल्फिन. करडा शिंपला म्हणजे लाटेमागे तुरुतुरु धावणारे तुतवार पक्षी. एक चट्ट्यापट्ट्यांचा शिंपला, तो समुद्रगरुडाचा. आता कोनाड्यात दहा शिंपले झाले होते. आठ दिवसांत येणारा बाबा दहा दिवस झाले तरी आला नव्हता.

"समुद्राकडे काय डोळे लावून बसलीस?" टोपली डोक्यावर घेता घेता काशीआत्या म्हणाली. "डोळ्यांनी होडी ओढून आणणार आहेस का? कानाला फडकं बांध आधी. वारा बघ कसा झोंबतोय!"

आत्या गेली. मथूनं फडकं बांधलं आणि भाकरी घेऊन ती वाळूत आली. तिथे एक पांढराशुभ्र कुरव पक्षी पंख आपटत पडला होता. त्याच्या चिमुकल्या लाल पायाला जाळ्याचा तुटका दोरा करकचून गुंडाळला होता.

"थांब रे सोन्या, चोच नको मारूस," मथू पुटपुटली. दातांनी, नखांनी तिनं दोरा सोडवला. बोट कापलं, तरी सोडवला. मग अर्धी भाकरी कुस्करून त्याला घातली.

पक्षी भुर्रकन उडून सुरूच्या बनात शिरला आणि काय नवल! फांद्यांमध्ये मोतिया, निळसर, गुलाबी उजेड झिरपू लागला. त्या उजेडातून उतरली एक नाजूकशी परी. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा तिचा झगमगता झगा, दवबिंदूंचा मुकुट आणि पायावर दोऱ्याचा बारीकसा वळ.

"मथू, माझा पाय सोडवलास," परी म्हणाली. "उद्या पहाटे दाट धुकं पडेल. ते विरेपर्यंत तुझी एक इच्छा मी पुरी करीन. पण एकच. आणि ज्याच्यासाठी मागशील, तो तुला डोळ्यांनी दिसला पाहिजे."

मथूचा चेहरा उतरला. "म्हणजे बाबासाठी नाही मागता येणार?"

"जो दिसत नाही, त्याच्यापर्यंत माझा हात पोचत नाही गं राणी. तू स्वतःसाठी माग ना! मऊमऊ रजई?"

मथूनं नकारार्थी मान हलवली. तिनं मनाशी ठरवलं, पहाटे कंदील लावून उभं राहायचं. उजेड बघून होडी जवळ येईल, बाबा दिसेल, आणि दिसला रे दिसला की म्हणायचं, याला किनाऱ्याजवळचे खडक चुकवून सुखरूप घरी आण.

पहाटे खरंच धुकं पडलं. दुधासारखं, सगळीकडे. मथूनं शाल घट्ट गुंडाळली आणि वाळूच्या उंचवट्यावर बांबूला कंदील टांगला. पाण्याजवळ नाही हं, चांगली लांब. समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. तिला फार फार एकटं वाटलं.

तेवढ्यात पायाला काहीतरी गुदगुल्या करू लागलं. एक काळंभोर, मुठीत मावेल एवढं कासवाचं पिल्लू! वाळूतून आणखी निघाली, आणखी निघाली... शंभर तरी असतील. पण हे काय? सगळी समुद्राकडे पाठ फिरवून कंदिलाकडेच येत होती! उजेडालाच ती पाणी समजली होती. बनात कावळे जागे झाले. काव! काव!

"अरे, इकडे नाही! तिकडे जा, तिकडे!"

पिल्लं ऐकतात कुठली? कंदील झाकला तर बाबाला किनारा दिसणार नाही. न झाकला तर ही वाट चुकणार. तिनं आईची शाल काढली आणि कंदिलावर टाकली. अंधार झाला. थंडीनं तिचे दात वाजू लागले. पिल्लं मात्र धुक्यात गोल गोलच फिरत राहिली आणि कावळे त्यांना टिपायला झाडांवरून खाली उतरले.

बाबा दिसत नव्हता. पिल्लं दिसत होती.

"परीताई," मथू रडत रडत म्हणाली, "यांना पाण्याची वाट दाखव."

आणि लाट फुटली ती निळीभोर! दुसरी फुटली ती हिरवी, चमचमती. साऱ्या किनाऱ्यावर पाणी लखलखू लागलं, जणू चांदण्याच सांडल्या. पिल्लं थबकली, वळली आणि पळत सुटली. टुपुक, टुपुक, एकेक पाण्यात!

"अरे, ते बघा! लाटा खडकावर चमकतायत, डावीकडून घ्या होडी!" धुक्यातून कोणीतरी ओरडलं.

तो आवाज बाबाचा होता.

बाबा गुडघाभर पाण्यातून धावत आला. "मथे! दोन दिवस वाऱ्यानं भरकटलो गं, त्यात आज हे धुकं. किनारा कुठं, खडक कुठं, काही कळेना. अन् एकाएकी पाणीच उजळलं! आणि तू अशी उघडी? शाल कुठंय?"

लांब पाण्यावर परी उभी होती. तिनं हात हलवला. पहिलं कोवळं ऊन धुक्यावर पडलं, धुकं सोनेरी झालं, आणि त्या सोन्यात परी विरून गेली. एक पांढरं पीस तेवढं तरंगत आलं.

बाबानं मथूला आईच्या शालीत गुंडाळलं. कंदिलावर राहून ती छान ऊबदार झाली होती.

"सांग आता, काय काय दिसलं?"

मथूनं वाळूतला एक काळा शिंपला उचलून मुठीत धरला. अकरावा.

"आधी आजचं सांगू?" ती म्हणाली.