भरलेलं भांडं सांडेना

त्र्यंबकपंत प्रधानांनी कोष्ट्यांच्या मागांवरचा कर दुप्पट केला आणि पेढीवाल्या मोतीशेटना मात्र सगळा माफ केला. गाऱ्हाणं घेऊन आलेल्या कोष्ट्यांना ते म्हणाले, "अडाणी रे तुम्ही! वरचं भांडं आधी काठोकाठ भरू द्या. मग सांडेल ते तुमचंच."

पुढे चौंडेश्वरीच्या उत्सवात कोष्टीआळीची पंगत बसली. महाराजांच्या शेजारी शेट, शेटच्या पलीकडे प्रधान. वाढायला आळीतली भागाक्का. महाराजांना वाढून ती शेटच्या द्रोणात बासुंदी ओतत राहिली. द्रोण भरत आला तसा शेटनी तांब्या पुढे केला. तांब्या भरत आला, तर गड्याकडून घागर मागवली. प्रधानांचा द्रोण कोरडाच.

"अगं बाई, मला कधी?"

"शेटचं भांडं सांडलं की, पंत."

"सांडेल कसं? भरत आलं की हा मोठं भांडं मांडतोय!"

भागाक्कानं पातेलं खाली ठेवलं. "महाराज, आमचं गाऱ्हाणं इतकं नीट आम्हालाही सांगता आलं नव्हतं."

महाराजांना हसता हसता ठसका लागला. उष्ट्या हातानंच त्यांनी वाढीव कर उठवला.

बासुंदी मात्र तोवर घागरीत गेली होती. प्रधानांनी दुधाची तहान ताकावर भागवली.