तिसरं मडकं

देवगव्हाण नगरीत नगरशेठ निवडायला तीन आळ्या तीन मडकी मांडत. ज्याच्या मडक्यात खडे जास्त, तो शेठ. कोष्टी आळी मोठी, म्हणून दरवेळी नागोजी कोष्टीच निवडून येई.

“अख्खी नगरी माझ्यामागे आहे,” तो दरबारात मिरवायचा.

राजाला कुतूहल वाटलं. “मग अर्ध्याहून जास्त खडे तुला कधीच कसे पडत नाहीत?”

कुंभार आळीची सगुणा म्हणाली, “महाराज, यंदा सर्वांत कमी खड्यांचं मडकं उचला आणि पुन्हा खडे टाकायला सांगा.”

तसं केलं. कुंभारांचंच मडकं उचललं गेलं, नागोजी नको म्हणून त्यांनी खडे तेल्यांच्या मडक्यात टाकले आणि तेल्यांचा भिवबा निवडून आला.

नागोजी सगुणेवर चिडला. “तेली-कुंभार एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत. एका दिवसात समेट कसा घडवलास?”

“समेट कसला, नागोजीराव? भांडण जागच्या जागी आहे. तिसरं मडकं तेवढं जागेवर नाही.”