धुरपदाचे पदक

नदीच्या वळणावरच्या एका गावात हौसा नावाची एक कुंभारीण राहत होती. तिचा नवरा नारबा माठ आणि रांजण घडवायचा. हौसा मातीचे दागिने करायची. कर्णफुले, मण्यांच्या माळा, गळ्यात घालायची पदके. पण गिऱ्हाइके यायची ती तिच्या अक्षरासाठी. ओल्या पदकावर ती बाभळीच्या काट्याने सांगाल ते नाव कोरून द्यायची. ज्याला वाचता येत नसे, तोही ते अक्षर बघत राही.

गावात दरवर्षी पाच दिवसांची जत्रा भरे. तीन दिवस हौसा नावे घेई, चौथ्या दिवशी भट्टी लावी आणि पाचव्या दिवशी ज्याचे पदक त्याला देई.

एका वर्षी पहिल्याच दिवशी म्हाकू नावाचा एक म्हातारा धनगर तिच्या पालापुढे येऊन उभा राहिला.

“पोरी, माझ्या बायकोचं नाव घालशील? धुरपदा.”

“घालीन की, बाबा. काय निमित्त?”

“निमित्त कसलं? चाळीस वर्षं माझ्यासंगं रानोमाळ हिंडली. चार भांडी आहेत आमच्याकडं. त्यांवर तिच्या बापाचं नाव, माझ्या बापाचं नाव. तिचं नाव कशावरच नाही.”

हौसाला म्हातारा आवडला. लक्षात राहील म्हणून तिने नाव कुठे टिपून ठेवले नाही.

दुसऱ्या दिवशी धान्याचे व्यापारी रावजीशेट आले. त्यांच्या घरी लग्न होते. लेकी, सुना, भाच्या अशा साठ जणींची यादी त्यांनी हौसापुढे ठेवली. तेव्हापासून हौसाने मान वर केली नाही. चौथ्या दिवशी भट्टी रचताना एक कोरे पदक हाताला लागले. धनगराचे! नाव काय सांगितले होते त्याने? द की ध, असे काहीतरी होते. नदीपलीकडेच त्याचा तळ होता. जाऊन विचारता आले असते. पण नारबा काटक्या घेऊन खोळंबला होता. शेटजींच्या यादीतली सगळी नावे डोक्यात घुमत होती. ‘द्वारकाच असणार,’ असे म्हणून हौसाने काटा चालवला.

पाचव्या दिवशी म्हाकू आला. पदक हातात घेऊन त्याने आधी कपाळाला लावले. मग खरखरीत बोट अक्षरांवरून हळूच फिरवले.

“धुरपदा,” तो म्हणाला. “असं दिसतं होय ते!”

पदकावर तर द्वारका कोरले होते. तिने तोंड उघडले. पण समोर गिऱ्हाइकांची गर्दी होती आणि शेटजींचा गडी पेटी घेऊन उभा होता. नारबा कानाशी कुजबुजला, “जाऊ दे. त्या दोघांत वाचतंय कोण? समाधानानं चाललाय म्हातारा.”

हौसा गप्प बसली. म्हाकू तोंडभर आशीर्वाद देत निघून गेला.

जत्रा संपली. पण हौसाचे कामावरचे मन उडाले. काटा हातात घेतला की म्हाताऱ्याचे ते बोट डोळ्यांसमोर येई. एखादे नाव कोरून झाले की ती ते चारचारदा वाचून बघे, तरी खात्री वाटत नसे. महिना गेला. शेवटी तिने एक नवे पदक घडवले, त्यावर ‘धुरपदा’ कोरले, भाजले आणि पदरात बांधून ती निघाली.

“त्या म्हातारीचा आनंद घालवायला चाललीस?” नारबाने विचारले.

“मी दिलेला आनंद खोटा आहे,” हौसा म्हणाली.

दोन दिवस माग काढत ती एका माळावर पोचली. मेंढरे चरत होती. पालाशी एक म्हातारी घोंगडे मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या गळ्यात ते पदक होते. हौसाने आपण कोण ते सांगताच म्हातारीने तिचा हात धरून जवळ बसवले.

“तुझीच वाट बघत होते बघ! हे दाखवायचं होतं तुला.”

तिने घोंगड्याचा कोपरा उलगडला. काळ्या घोंगड्यावर पांढऱ्या लोकरीने तीन अक्षरे काढली होती. वेडीवाकडी, पण स्वच्छ वाचता येणारी. द्वारका.

“पदकावरून बघून बघून शिकले,” धुरपदा म्हणाली. “आधी राखेत बोटानं गिरवलं, मग सुई घेतली. असंच एक लेकीला धाडलंय सासरी. म्हटलं, आईच्या हातचं नाव राहू दे तिच्याजवळ.”

परत जावे, असे क्षणभर तिला वाटले. पदरातली गाठ सोडायला तिला बराच वेळ लागला.

“मावशी, हे तुमचं नाव नाही.”

“म्हणजे?”

“हे द्वारका आहे. मी चुकले. तुमचं नाव ह्या पदकावर आहे.”

धुरपदाने दोन्ही पदके शेजारीशेजारी धरली. एकेका अक्षरावरून तिने बोट फिरवून पाहिले. म्हाकू मेंढरे सोडून जवळ येऊन उभा राहिला.

“म्हणजे महिनाभर मी परक्या बाईचं नाव गिरवत होते,” ती म्हणाली. मग तिने हौसाकडे पाहिले. “तुला हे कधी कळलं?”

कालच कळले, असे सांगता आले असते. ते खरे की खोटे, हे ह्या माळावर कुणी तपासणार नव्हते.

“त्याच दिवशी,” हौसा म्हणाली. “बाबांनी पदक हातात घेऊन तुमचं नाव उच्चारलं, तेव्हाच. मी गप्प बसले. तुम्हाला वाचता येत नाही म्हणून गप्प बसले.”

“पोरी!” म्हाकू एवढेच म्हणाला आणि त्याने तोंड फिरवले.

“चुकलीस, त्याचं काही नाही,” धुरपदा म्हणाली. “हात आहे, चुकायचाच. पण गप्प बसलीस, ते माझ्या मनातून लवकर जायचं नाही.”

हौसाने मान खाली घातली. धुरपदाने गळ्यातले पदक काढून तिच्या हातात दिले आणि घोंगडे तिच्या मांडीवर टाकले.

“उसव आता. लेकीकडचं मी जाऊन उसवीन. आणि उसवून झालं की माझं नाव शिकव मला. ते आल्याशिवाय तुला सोडायची नाही.”

हौसाने एकेक टाका उसवला. मग राख पसरून तिने धुरपदाचा हात धरला. ध, त्याला उकार, मग र, प आणि दा. हात पुन्हापुन्हा चुकत होता. हौसा पुन्हापुन्हा दाखवत होती. उन्हे कलली तेव्हा धुरपदाने तिचा हात बाजूला सारला आणि चारही अक्षरे एकटीने काढली. मग प्रत्येक अक्षरावर बोट ठेवत तिने ती मोठ्याने वाचली.

म्हाकू खाली बसून राखेकडे बघत राहिला. “आता खरं,” तो म्हणाला.

त्यानंतर हौसाने कितीतरी जत्रा केल्या. पालापुढे कितीही गर्दी असली, तरी ज्याला वाचता येत नाही त्याचे बोट ती आपल्या हातात धरी, प्रत्येक अक्षरावर ठेवून ते नाव वाचून दाखवी आणि मगच पदक हाती देई.

तात्पर्य: ज्याला आपली चूक पकडता येणार नाही, त्याच्यापाशी खरे बोलणे हाच खरा प्रामाणिकपणा. चूक माफ होऊ शकते. पण समोरच्याच्या अज्ञानाचा आडोसा घेऊन बाळगलेले मौन ही फसवणूकच असते.