ढोलीतला कापूस

प्राण्यांचे तंटे कासवआजोबा मिटवत, तेव्हाची गोष्ट. खारीनं चिमणीवर दावा लावला. "तुझ्या आईनं आमच्या ढोलीतला कापूस उसना नेला होता. परत दे, नाहीतर घरटं सोड."

घरट्यात पिल्लं होती. चिमणी शिकलेली, म्हणून जास्तच घाबरली आणि उत्तरं घोकू लागली.

चिमणा म्हणाला, "अगं, आधी आईंना तर विचार!"

म्हातारी हसली. "नेला होता की! ती खार एवढीशी असताना ढोलीतून खाली पडली, गारठली. मला उचलवेना, म्हणून कापूसच खाली नेला."

कासवासमोर चिमणी घोकलेलं सगळं विसरली. "ताई, तो कापूस तुलाच गुंडाळायला नेला होता," ती म्हणाली. "अजून थंडी वाजते का गं?"

खारीनं शेपटीत तोंड लपवलं. मग हळूच विचारलं, "मावशी बऱ्या आहेत ना?"