बगळ्यांचं भूतदया मंडळ

हारतुरे आणि अध्यक्षीय भाषण यांचा शोध नुकताच लागला होता, तेव्हाची ही गोष्ट. एका शिवारात कवड्या नावाचा म्हातारा बैल होता. बगळे रोज त्याच्या पाठीवर बसायचे आणि अंगावरचे गोचीड वेचून खायचे. त्यांचं पोट भरायचं, त्याची खाज थांबायची. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं.

मग बगळ्यांना कळलं, की याला भूतदया म्हणतात. झालं! लगेच मंडळ निघालं. पांढरेशुभ्र कपडे जन्मतःच अंगावर होते, त्यामुळे पुढारी व्हायला वेळ लागला नाही. सभेला उंच जागा हवी, म्हणून व्यासपीठ कवड्याच्या पाठीवरच ठरलं.

भर उन्हात भाषणं सुरू झाली. कवड्या सावलीकडे वळला, की अध्यक्ष ओरडायचे, "अहो, हलू नका, सभा चालू आहे!"

शेवटी कवड्या कळवळून म्हणाला, "अध्यक्षमहाराज, कानामागे एक गोचीड रुतलाय. तेवढा काढता का?"

"आज नाही जमणार. उद्घाटनाच्या दिवशी चोच खराब होईल. आणि तुमच्याच दुःखावर बोलतोय ना मी? हवं तर दोन शब्द तुम्हीही बोला."

"बोलतो," कवड्या म्हणाला. "तुमच्यापेक्षा गोचीड बरे. ते रक्त पितात, पण पाठीवर बसून भाषण करत नाहीत."

बगळ्यांनी जोरात पंख वाजवले. ऐकलं कुणीच नव्हतं. इतिवृत्तात नोंद झाली : बैलाने मंडळाचे मनःपूर्वक आभार मानले.