राणीच्या नावाचे पान

एका राज्यात मेघवर्मा नावाचा राजा राहत होता. त्याच्या लग्नाच्या पंगतीत वाढपी तूप वाढत गेले आणि नेमके कर्दम मांत्रिकाचे पान कोरडे राहिले. सोडून द्यावी अशी गोष्ट. पण मांत्रिकाला कोण समजावणार? तो ताडकन उठला आणि नव्या राणीला, कुमुद्वतीला, त्याने तळ्यापलीकडच्या बेटावर नेऊन ठेवले.

जाताना तो म्हणाला, "राजा, दर दिवाळीच्या पाडव्याला, दिवेलागणीला, कमळाच्या देठांचा पूल पाण्यावर येईल. बोहल्यावर जेवढा भरलास तेवढ्याच वजनाने चालत जा आणि राणीकडून ओवाळून घे. मगच शाप सुटेल."

त्या घराण्यात बोहल्यावर चढण्याआधी नवरदेवाची गूळतुला करीत. ती तुला चौकात तशीच टांगलेली होती, एका पारड्यात राजाच्या लग्नाच्या वजनाचे दगड ठेवलेले. राजा दरवर्षी आषाढात वाळे. पण मग सण सुरू होत. घराघरातून बोलावणी येत, आणि राजाने पानावर नाही म्हणावे तर यजमानाचा केवढा अपमान! पाडव्याला नवव्या पावलाला पूल बुडे. पलीकडे राणी तबक घेऊन उभी असे. तिचे ओठ हललेले दिसत, शब्द ऐकू येत नसत. अकरा वर्षे असेच झाले. राजाला तिचा आवाजही नीट आठवेना, आणि त्याचे त्याला फार वाईट वाटे.

बाराव्या वर्षी श्रावणात एक साळुंकी त्याच्या खिडकीत बसली आणि माणसासारखी बोलू लागली. "महाराज, मी राणीसाहेबांच्या बेटावरची. तीन कामं सांगते. करवतील?"

"सांग."

"पहिलं, गणपतीत कुठंही जा, पण एकाच मोदकावर उठा."

राजा प्रधानाच्या घरी गेला. प्रधानाच्या पत्नीने, सुभद्राबाईंनी, दुसरा मोदक पुढे केला आणि राजाने पानावर हात आडवा धरला. बाईंचा चेहरा उतरला. "महाराज, आमचं काही चुकलं का?"

"नाही बाई. तुमच्या हातचा, म्हणून एक तरी खाल्ला. मला तळं ओलांडायचंय."

बाईंनी मोदक परत ठेवला. त्या दिवसापासून नगरात राजाला कोणी आग्रह केला नाही.

दुसरे काम दसऱ्याचे. राजाने सीमोल्लंघनाला पायी जायचे. राजा गेला, धापा टाकत आला. दरवर्षी त्याला पाठीवर नेणाऱ्या हत्तीने मात्र सुटकेचा निःश्वास टाकला. लाजेने तो आजवर बोलला नव्हता. राजा तुलेत बसला, तरी त्याचे पारडे जमिनीलाच टेकलेले.

साळुंकी म्हणाली, "रोज तुमच्या शेजारी पान कोणाचं मांडतात?"

"राणीचं. तिच्या नावाचं."

"ते संपवतं कोण?"

राजाने मान खाली घातली. "अन्न टाकू नये."

"म्हणजे अकरा वर्षं तुम्ही दोघांचं जेवता आहात. तिसरं काम हेच. उद्यापासून ते पान मांडायचं नाही."

"दुसरं काहीही सांग," राजा म्हणाला. "ते पान उचललं, तर ती येणार नाही असं मीच म्हटल्यासारखं होईल."

"आणि मांडून ती आली का?"

पाखरांना दयामाया कमीच असते. दुसऱ्या दिवशी राजाने आचाऱ्याला, नरहरभटांना, एकच पान मांडायला सांगितले. भटजींनी उपरण्याने डोळे टिपले. शेजारच्या रिकाम्या पाटाकडे पाहून राजाला घास गिळवेना. आजवर निदान तिच्या पानाशी तो बोलत तरी होता; भाजीत मीठ जास्त झाले, आवळीला फळ धरले, असे काहीबाही सांगत होता. आता तेही गेले. दिवाळी आली, घराघरातून चकल्या तळल्याचा वास सुटला. राजा चतकोर भाकरी खाई आणि तळ्याकाठी जाऊन बसे. पाडव्याच्या सकाळी पारडी समोरासमोर आली.

दिवेलागणीला पूल वर आला. सात, आठ, नऊ पावले झाली. देठ वाकले, पण बुडाले नाहीत. राजा पलीकडे पोचला. राणीने निरांजन वर धरले आणि त्याचा चेहरा पाहिला.

"अहो, किती वाळलात!" ती म्हणाली. "जेवत नव्हता का?"

बारा वर्षांनी ऐकलेला तो आवाज. राजा ढसाढसा रडू लागला.

"जेवत होतो गं," तो म्हणाला. "एकटा जेवत होतो."

राणीने त्याला ओवाळले. त्याच क्षणी देठांचा पूल दगडी झाला, शाप सुटला, आणि दोघे हात धरून आपल्या नगराकडे चालू लागले. जशी त्यांची वाट पाहणे सरले, तसे वाट पाहणाऱ्या सगळ्यांचे सरो.