उंचेराव आणि डोंगरपेठेचा संघ

फार जुन्या काळी एका डोंगराळ मुलखात लोकांना एकाच खेळाचं वेड होतं. मैदानाच्या दोन टोकांना दोन उंच खांब, खांबाच्या डोक्याशी बिनबुडाची टोपली, आणि पाच-पाच गडी. चेंडू समोरच्यांच्या टोपलीतून खाली पाडायचा, एवढाच काय तो खेळ. पण त्या खेळापायी माणसं तहानभूक विसरायची. प्रत्येक पेठेचा आपापला संघ असे, आणि त्या संघातले गडी दुसरं काहीच काम करत नसत. खेळावर त्यांचं पोट चाले.

त्यातला डोंगरपेठेचा संघ सगळ्यात तरुण. कुणाला नुकती मिसरूड फुटलेली, कुणाला तीही नाही. पोरं हरणासारखी पळायची, पण टोपलीखाली उभा राहील असा मधला गडी त्यांच्यात नव्हता. समोरचा धिप्पाड गडी यायचा, हात वर करायचा आणि यांच्या डोक्यावरून चेंडू टोपलीत सोडायचा. पोरं खाली नुसती उड्या मारत राहायची.

शेवटी त्यांचे वस्ताद म्हणाले, "हैबती, चल. जत्रेतून मधला गडी आणू."

हैबती हा संघाचा म्होरक्या. पोरगा चलाख होता, मनाने चांगला होता आणि बोलायला लागला की थांबत नसे.

सुगी संपली की दर वर्षी मोठी जत्रा भरायची. तिथे एका चिंचेखाली मोकळे गडी उभे राहायचे. मोकळे म्हणजे ज्यांचा हंगाम संपलाय आणि ज्यांना कुठल्याच संघाचं बंधन उरलेलं नाही असे. निरनिराळ्या पेठांचे वस्ताद यायचे, गडी पारखायचे आणि पुढच्या हंगामासाठी बोलणी करून घेऊन जायचे.

त्या चिंचेखाली रखमाजी उभा होता. तो इतका उंच होता की चिंचेच्या फांद्या त्याच्या खांद्याला लागत होत्या. आजवर तो कितीतरी संघांतून खेळला होता. प्रत्येकाने एक हंगाम ठेवलं, आणि मग काही ना काही कारणाने तो पुन्हा चिंचेखाली आला.

"हात वर कर," वस्ताद म्हणाले. रखमाजीने हात वर केला. वस्तादांनी मान मागे टाकून वर पाहिलं.

"आता उडी मार." त्याने उडी मारली.

"हाच," वस्ताद हैबतीला म्हणाले. "बघायचं काही उरलंच नाही."

हैबतीने आनंदाने टाळी वाजवली. "हे तर आपले उंचेराव!"

रखमाजी हसला. त्याला वाटलं, पोरगा गोड आहे. या वेळी कदाचित बरं होईल.

डोंगरपेठेने त्याचं खरोखर मनापासून स्वागत केलं. सुताराकडून त्याच्यापुरती लांब बाज करून घेतली. कोठाराच्या वर एक खोली होती, तिचं छत उंच होतं, ती त्याला दिली. पोरं खाली सगळी मिळून एका मोठ्या खोलीत राहायची, पण तिथे हा मावला नसता.

पहिल्या दिवशी तो पोरांबरोबर जेवायला गेला. स्वयंपाकघराशेजारची ती पडवी जुनी आणि ठेंगणी. आत शिरताना त्याचं कपाळ वाशावर असं आपटलं की वरची धूळ सगळ्यांच्या ताटात पडली. पोरं खो खो हसली. मग त्याच्या कपाळाला टेंगूळ आलेलं दिसलं आणि सगळी ओशाळली.

"छे, छे," हैबती कळवळून म्हणाला. "उंचेरावांना असा त्रास नको. उद्यापासून त्यांचं ताट वर खोलीत पोचवा."

दुसऱ्या दिवसापासून ताट वर यायला लागलं. गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा, पोरांना मिळायचं त्याहून चांगलंच काहीतरी. आचारी ताट ठेवायचा, "अजून काही हवं का?" विचारायचा आणि निघून जायचा. रखमाजी खिडकीशी बसून जेवायचा. खालच्या पडवीतून हसण्याचे आवाज यायचे. कुणीतरी काहीतरी बोलायचं, क्षणभर शांतता, आणि मग हशाचा एकच लोट. तो घास हातात धरून ऐकत राहायचा. एवढं काय बोलले असतील?

एका संध्याकाळी त्याला राहवलं नाही. त्याने आपलं ताट उचललं आणि जिना उतरून पडवीच्या दाराशी गेला. वाकून आत डोकावला.

हसणं थांबलं. सगळी पोरं पटकन उभी राहिली. वयाने आणि अंगाने मोठा माणूस दारात उभा, मानाने उठायलाच हवं असं त्यांना वाटलं.

"काय हवंय उंचेराव?" हैबतीने विचारलं. "काही कमी पडलं का?"

रखमाजीच्या मनात होतं, म्हणावं, मला तुमच्यात बसायचंय. पण एवढी माणसं आपल्या बोलण्याची वाट बघत उभी आहेत हे पाहून त्याची जीभच उचलेना.

"मीठ," तो म्हणाला. "मीठ हवं होतं थोडं."

दोघं-तिघं मीठ आणायला धावले. चिमूटभर मीठ ताटात घेऊन तो पुन्हा जिना चढला. दार लोटून घेईपर्यंत खाली हसणं पुन्हा सुरू झालं होतं. भाजीत मीठ आधीच पुरेसं होतं. तो पुन्हा कधी खाली गेला नाही, आणि त्याला कुणी बोलावलंही नाही. पोरांना वाटलं, मोठा माणूस आहे, त्याला एकटं राहायला आवडत असेल.

खेळात मात्र डोंगरपेठेचं नशीब पालटलं. टोपलीखाली रखमाजी उभा राहिला की समोरच्यांना वाटच सापडत नसे. तो चेंडू अडवायचा, झेलायचा, पोरांकडे द्यायचा, आणि पोरं वाऱ्यासारखी सुटायची. सामन्यामागून सामने जिंकले. जिंकल्यावर पोरं एकमेकांना खांद्यावर घेऊन नाचायची. रखमाजीला कोण उचलणार? पोरं लांबूनच त्याला हात जोडायची, "उंचेराव, कमाल केलीत!" म्हणायची आणि नाचत नाचत पुढे जायची. तो चेंडू गोळा करायचा.

या पोरांची खेळताना एक गंमत होती. त्यांच्या खुणेच्या हाका सगळ्या ताटातल्या. "भाकरी!" म्हणजे चेंडू मागे फिरव. "ताक!" म्हणजे दमाने घ्या. "ठेचा!" म्हणजे सरळ टोपलीवर तुटून पड. या हाका जेवताना, चेष्टामस्करीत ठरायच्या. रखमाजी त्या मैदानावर ऐकून ऐकून शिकला. एखादी हाक पहिल्यांदा कानावर आली की तो एका जागी थांबायचा, पोरं काय करतात ते बघायचा आणि लक्षात ठेवायचा.

असं करत करत डोंगरपेठेचा संघ राजाच्या मैदानावर पोचला. शेवटचा सामना मोठ्या पेठेशी होता. जो जिंकेल त्याला राजाचा आश्रय मिळणार होता. म्हणजे मग पुढच्या वर्षी संघ राहतो की मोडतो ही काळजीच नको.

आदल्या संध्याकाळी पडवीत जेवताना हैबतीला एक युक्ती सुचली. त्याने ताटातला पापड उचलला आणि हवेत वर उडवला.

"हे बघा. उद्या अगदी अडल्यावर मी 'पापड!' ओरडेन आणि चेंडू टोपलीच्या अंगाने खूप वर फेकेन. उंचेराव तिथे उडी घेतील, वरच्या वर झेलतील आणि सोडतील टोपलीत. त्या उंचीवर त्यांच्याशिवाय पोचणार कोण?"

पोरांनी आरडाओरडा करून युक्ती डोक्यावर घेतली. रखमाजीने वर खोलीत तो कल्ला ऐकला. आज फारच खुशीत आहेत पोरं, असं त्याला वाटलं. त्याने हात धुतले आणि तो बाजेवर आडवा झाला.

सामना असा रंगला की बघणाऱ्यांचे घसे बसले. शेवटच्या घटकेला दोन्ही संघ बरोबरीत होते आणि चेंडू हैबतीच्या हातात होता. समोर तीन गडी भिंतीसारखे उभे. हैबतीने जिवाच्या आकांताने हाक दिली, "पापड!"

रखमाजीने ही हाक कधी ऐकली नव्हती. नवी हाक आली की जे करायचं तेच त्याने केलं. तो जागीच थांबला आणि पोरं काय करतात ते बघू लागला.

पोरं काहीच करत नव्हती. सगळी त्याच्याकडे बघत होती.

चेंडू टोपलीशेजारून उंच गेला, रिकाम्या जागेत खाली आला आणि मोठ्या पेठेच्या गड्याच्या हातात पडला. तो गडी पळत सुटला. पुढच्या क्षणी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला जल्लोष उठला.

पोरं तिथेच बसली आणि एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. रखमाजी खांबापाशी उभा होता. थोड्या वेळाने हैबती त्याच्याकडे आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"मी एवढ्या मोठ्यांदा पापड म्हणून ओरडलो! तुम्ही हललात का नाही?"

"पापड म्हणजे काय?" रखमाजीने विचारलं.

हैबती मागे वळून पोरांना म्हणाला, "यांना सांगितलं नव्हतं कुणी?"

एकाने दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. प्रत्येकाला वाटलं होतं की दुसऱ्याने सांगितलं असेल. वस्तादांनी मान खाली घातली.

हंगाम संपला. रखमाजीने वळकटी बांधली. वस्ताद जिना चढून वर आले. "राहा की, उंचेराव. तुमचा दोष नव्हता. काय हवं ते सांगा. इथे काही कमी होतं का?"

"कमी काहीच नव्हतं, वस्ताद," तो म्हणाला. खरंच काही कमी नव्हतं. वाकून त्याने वस्तादांच्या पायाला हात लावला आणि तो निघाला.

पुन्हा जत्रा भरली. रखमाजी पुन्हा चिंचेखाली उभा राहिला. वस्ताद आणि हैबतीही आले होते. जमलं तर त्यालाच परत न्यावं, नाहीतर दुसरा बघावा, असं त्यांच्या मनात होतं.

तेवढ्यात तिथे नदीकाठच्या कुंभारवाडीची गोदूबाई आली. तिच्या वाडीचा संघ अगदीच साधा होता आणि त्याचा सगळा कारभार ही म्हातारीच बघायची. तिने रखमाजीकडे खालून वरपर्यंत पाहिलं आणि मग हैबतीकडे वळली.

"काय रे पोरा, हा गडी वर्षभर तुमच्याकडे होता म्हणे. माणूस कसा आहे?"

रखमाजीने कान टवकारले. आपण कसे आहोत, हे त्यालाही ऐकायचं होतं.

"उंच आहेत," हैबती म्हणाला.

"ते मला दिसतंय. माणूस कसा आहे?"

हैबतीने तोंड उघडलं. कधीही न थांबणारा पोरगा, पण त्याला शब्दच सापडेना. "चांगले आहेत," तो म्हणाला. "म्हणजे... चेंडू फार छान झेलतात." त्याला याचं गाव माहीत नव्हतं. घरी कोण असतं, हा कशाने हसतो, काहीच माहीत नव्हतं. त्याचा चेहरा पडला.

गोदूबाई थेट रखमाजीसमोर जाऊन उभी राहिली. "अरे, मग तूच सांग. तुला काय आवडतं?"

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्याला बराच वेळ लागला. म्हातारी थांबली.

"मला पोहायला आवडतं," तो शेवटी म्हणाला. "पाण्यात शिरलं की माणूस उंच आहे की बुटका, ते कळत नाही. नुसती डोकी दिसतात. सगळी सारखीच."

गोदूबाई हसली. "आमच्याकडे तर घराच्या मागेच नदी. आणि आमचा संघ हरतो बरं का, आधीच सांगते. पण बडबड फार करतो. चालेल?"

"चालेल," रखमाजी म्हणाला, आणि त्याने वळकटी उचलली.

हैबती दोन पावलं पुढे आला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "उंचेराव... रखमाजीदादा, आमच्या पेठेखालीही डोह आहे. आम्ही रोज सकाळी पोहायला जायचो."

"हो," रखमाजी म्हणाला. "तुमचा आवाज यायचा मला."

त्याने हैबतीच्या खांद्यावर हात ठेवला. रागाने नाही, हलकेच. मग तो म्हातारीच्या मागून चालू लागला.

वळणावर पोचल्यावर त्याने एकदा मागे पाहिलं. वस्ताद चिंचेखालच्या दुसऱ्या एका धिप्पाड गड्याला हात वर करायला सांगत होते. हैबतीने त्यांना थांबवलं आणि तो त्या गड्याशेजारी मातीत मांडी घालून बसला. तो काहीतरी विचारत होता. गडी आधी गोंधळला, मग तोही खाली बसला आणि बोलू लागला. रखमाजी थोडा वेळ ते बघत राहिला. आपल्यासाठी असं कुणी बसलं असतं तर, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. मग गोदूबाईने पुढून हाक मारली, आणि तो भराभर पावलं टाकत निघाला.

तात्पर्य: माणसाचा गुण हेरून त्याला घरी आणणं सोपं असतं, पण त्याला आपल्या पंगतीत बसवून घेतल्याशिवाय तो आपला होत नाही.